वहींत न मांडलेले गुण

गेल्या महिन्याच्या टपालांत परभणीहून एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें. अक्षर वळणदार, मजकूर नेमका, आणि प्रश्न असा कीं, उत्तर लिहावयास बसण्याचें आम्ही चार दिवस टाळलें. बाई लिहितात: ‘मुलगा सोळा वर्षांचा असून अकरावींत आहे. तीन वर्षें शाळेच्या बास्केटबॉल संघांत खेळतो. क्रीडाशिक्षक त्यास संघांतून कधीं वगळीत नाहींत. परंतु टोपलींत चेंडू टाकणाऱ्यांत त्याचें नांव क्वचितच येतें. यजमान म्हणतात, तीन वर्षांत ज्याच्या नांवावर धड वीस गुण नाहींत, त्यानें हा नाद सोडून गणिताकडे पाहावें. मुलगा कांहीं बोलत नाहीं, नुसता जेवणावरून लौकर उठतो. आपण आयुष्यभर मुलें पाहिलींत. याचा खेळ सोडवावा कीं सोडवूं नये?’

उत्तर टाळण्याचें कारण पुढें ओघानें येईल. तें आमच्याच पदरचें आहे. प्रथम खेळाविषयीं चार शब्द लिहितों.

आम्ही पडलों संस्कृत-मराठीचे मास्तर. बास्केटबॉल म्हणजे उंच लोकांचा कांहीं खेळ, यापलीकडे आम्हांस ज्ञान नव्हतें. दिवाळीच्या सुट्टींत नातू पुण्याहून सिद्धेश्वरास आला, त्यानें ओसरीवर बसून मोबाईलवर आम्हांस सामने दाखविले आणि आमच्या शंकांस न कंटाळतां उत्तरें दिलीं. त्यांतून पहिली मौज ही कळली कीं, हा खेळ एका मास्तरानेंच काढलेला आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नायस्मिथ नांवाचे शिक्षक होते. १८९१ सालच्या हिंवाळ्यांत बाहेर बर्फ आणि आंत अठरा दांडगे विद्यार्थी अशी स्थिति असतां, त्यांस गुंतवील असा खेळ चौदा दिवसांत तयार करण्याची त्यांस आज्ञा झाली. त्यांनीं पीच ह्या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि दोहों बाजूंस नऊ-नऊ गडी देऊन खेळ सुरू केला. पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. टोपलीस तळ असल्यामुळें तो शिडी लावून काढावा लागला असेल, हें मनांत येऊन आम्हांस हंसूं आलें. वर्ग ताब्यांत ठेवण्यासाठीं मास्तर काय काय करतो, हें मास्तरासच ठाऊक!

पुढें टोपलीचा तळ गेला, जाळी आली, गडी पांच-पांच झाले. मूळ तत्त्व मात्र तेंच राहिलें: चेंडू हातांत धरून धांवावयाचें नाहीं. तो जमिनीवर आपटीत न्यावयाचा, किंवा सोबत्याकडे फेंकावयाचा. चेंडू हातांतून सुटून पुन्हां हातीं येण्याच्या दरम्यान जो क्षण जातो, तेवढ्यांत प्रतिपक्षाच्या गड्यानें अंगास धक्का न लावतां तो हिरावून घेतला, तर तें मोठें कौशल्य समजतात. इंग्रजींत त्यास सरळ ‘चोरी’ असाच शब्द आहे. ही चोरी साधली म्हणून फलकावरचा आंकडा हलत नाहीं. प्रतिपक्षाचे जे दोन-तीन गुण होणार होते, ते होत नाहींत, इतकेंच. आणि न झालेल्या गोष्टीसाठीं टाळी कोण वाजवणार?

बाईंच्या पत्राचें उत्तर आम्हांस ज्याच्या हकीकतींत सांपडलें, तो तरुण ह्या विद्येंत नांवाजलेला आहे. त्याचें नांव डायसन डॅनियल्स. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत, मेलबर्नपासून सुमारें दीडशें किलोमीटरांवर, बेंडिगो म्हणून एक गांव आहे. १८५१ सालीं तेथें सोनें सांपडलें आणि त्या सोन्यावर तें वाढलें. ह्या गांवीं १७ मार्च २००३ रोजीं डायसनचा जन्म झाला. वडील मूळचे अमेरिकेचे. ते ऑस्ट्रेलियांत बेंडिगोच्या बास्केटबॉल संघाकडून खेळले व तेथेंच घर करून राहिले. आई ऑस्ट्रेलियन. मुलास चेंडू घरांतच मिळाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु घरांत वीणा असून तिजवर धूळ सांचलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. घरांत मिळालेली वस्तु हातांत टिकण्यास कोणी तरी बाहेरचा जाणता लागतो.

तो जाणता त्यास कॅनबेरा येथें भेटला. ह्यामागें ऑस्ट्रेलियन राष्ट्राची एक कथा आहे. १९७६ सालच्या माँट्रियल ऑलिंपिकांत ऑस्ट्रेलियास एकही सुवर्णपदक मिळालें नाहीं. त्या लोकांस हें फार लागलें. त्यांनीं नशिबास दोष देऊन तें प्रकरण मिटविलें नाहीं, तर १९८१ सालीं कॅनबेरा येथें राष्ट्रीय क्रीडासंस्था उभी केली. निवडक मुलांनीं तेथें राहावें, शिकावें आणि जाणत्यांच्या नजरेखालीं खेळावें अशी योजना केली. पुढें अमेरिकेच्या प्रसिद्ध व्यावसायिक संघटनेनें, म्हणजे एन.बी.ए.नें, त्याच संस्थेच्या आवारांत २०१७ मध्यें आपली बास्केटबॉलची प्रबोधिनी काढली. डायसन तेथें शिकला. नंतर त्यानें विद्यापीठाची वाट न धरतां ‘इग्नाइट’ नांवाच्या होतकरू मुलांच्या व्यावसायिक संघांतून अमेरिकेंत २०२१-२२ चा हंगाम काढला. आणि २०२२ च्या जून महिन्यांत एन.बी.ए.च्या वार्षिक निवडींत न्यू ऑर्लिन्सच्या पेलिकन्स संघानें त्यास आठव्या क्रमांकावर उचललें. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही यशस्वी मुलाची असते तशीच आहे. आम्हांस महत्त्वाचीं वाटतात तीं पुढचीं दोन वर्षें. न्यू ऑर्लिन्स येथें तो दोन हंगामांत मिळून १२० सामन्यांत उतरला. परंतु बहुतेक वेळां मागाहून, म्हणजे मुख्य पांच गडी दमले म्हणजे त्यांच्या बदलीस. पहिल्या हंगामांत त्याचे गुण सामन्यामागें सरासरीनें चारही भरले नाहींत. दुसऱ्यांत सहाही नाहींत. आमच्या पत्रलेखिकेचे यजमान तेथें असते तर त्यांनीं काय निकाल दिला असता, हें सांगावयास नको. २०२४ च्या जुलैंत पेलिकन्सनीं अटलांटाच्या हॉक्स संघापासून एक नामांकित गडी घेतला आणि मोबदल्यांत जे कांहीं दिलें, त्यांत डायसनही गेला. व्यापारी लोक माप पुरें करण्यासाठीं वर मूठभर घालतात, तसा.

अटलांटास गेल्यावर मात्र त्यास पहिल्या पांचांत जागा मिळाली, खेळावयास पुरता वेळ मिळाला, आणि ‘समोरचा जो सर्वांत भारी गडी असेल, त्याच्यापुढें तूं उभा राहा’ असें काम मिळालें. २०२४-२५ च्या त्या एका हंगामांत ७६ सामन्यांतून त्यानें २२९ वेळां चेंडू हिरावला. म्हणजे सामन्यामागें तीन वेळां. सामन्यामागें तीनची सरासरी १९९०-९१ नंतर कोणासही साधली नव्हती. १९९५-९६ नंतर एका हंगामांत इतक्या वेळां कोणीं चेंडू हिरावला नव्हता. त्या वर्षाचा ‘सर्वाधिक सुधारलेला खेळाडू’ हा मान त्यास मिळाला. संरक्षणांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानांत तो दुसरा आला. त्याचे स्वतःचे गुणही सरासरीनें चौदांवर गेले. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत समुद्रांत पोंवळ्यांची प्रचंड भिंत आहे, तिला ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ म्हणतात. तिकडच्या रसिकांनीं ‘रीफ’च्या ठिकाणीं चोर ह्या अर्थाचा ‘थीफ’ शब्द घालून त्याचें टोपणनांव ठेवलें आहे. श्लेष साधला आहे, हें आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरासही मान्य करावें लागतें.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, न्यू ऑर्लिन्सचा डायसन आणि अटलांटाचा डायसन हे कांहीं दोन निरनिराळे मुलगे नव्हते. हात तेच होते, नजर तीच होती. एकवीस वर्षांच्या मुलाची वाढ एका वर्षांत कांहीं होते, हें खरें. पण काम बदललें, वेळ मिळाला, आणि त्याच्या अंगचा जो गुण होता तोच त्याजकडून मागितला गेला, हें त्याहून मोठें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

नातवानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आम्ही स्तब्धच झालों. एन.बी.ए.ची संघटना १९४६ सालीं निघाली. परंतु चेंडू कोणीं किती वेळां हिरावला आणि प्रतिपक्षाचा फेंकलेला चेंडू हवेंतच कोणीं किती वेळां अडविला, ह्याची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून होऊं लागली. त्यापूर्वींचीं सुमारें सत्तावीस वर्षें हें सारें काम वहीबाहेर होतें. बॉस्टनच्या संघांत बिल रसेल नांवाचा गडी होता. तो संरक्षणाचा केवळ मेरु. त्याच्या कारकीर्दींत त्या संघानें अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें. तो १९६९ मध्यें निवृत्त झाला. त्यानें किती चेंडू अडविले ह्याचा अधिकृत आंकडा आज कोणापाशीं नाहीं. कारण काय, तर त्या वेळच्या वहींत तो रकानाच नव्हता!

आमच्या सिद्धेश्वरास हें नवें वाटूं नये. पूर्णा नदीवर आमच्या वरच्या अंगास येलदरीचें धरण आहे. पाणी सांठवावयाचें तें येलदरींत, वीज व्हावयाची ती येलदरीस. पाहुणे पाहावयास जातात तेही बहुधा तिकडेच. आमचें सिद्धेश्वरचें धरण त्याच्या खालीं. वरून सुटलेलें पाणी येथें अडवावयाचें, कालव्यांत वळवावयाचें आणि शेतांकडे धाडावयाचें, हें त्याचें काम. वसमतकडच्या शेतकऱ्यास उसाचें पाणी मिळतें तेव्हां तो सिद्धेश्वराची आठवण काढीत नाहीं. पाणी आलें नाहीं म्हणजे मात्र काढतो. खेळांतील संरक्षकाचें असेंच आहे. त्याच्या हातून चेंडू सुटला म्हणजे लोकांस त्याचें नांव आठवतें.

एवढें सगळें आम्ही लिहिलें, तें आपल्या अंगावरचें लिहिण्याचें धैर्य यावें म्हणून. आतां तें लिहितों.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही त्या वेळीं ज्या शाळेंत होतों, तेथें क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळें कबड्डीचा संघ आमच्या गळ्यांत पडला होता. त्या संघांत चढाईस जाणारा एक चपळ मुलगा होता. प्रत्येक सामन्यांत सात-आठ गडी तरी तो बाद करून येई. आणि उजव्या कोपऱ्यास दुसरा एक मुलगा उभा राही. तो अबोल, काळासांवळा, अभ्यासांत बेताचा. प्रतिपक्षाचा गडी चढाईस आला कीं हा दोन पावलें मागें सरे. आणि तो परतूं लागला कीं घोट्याशीं अशी पकड घाली कीं तो जागचा हलत नसे. गुणांची वही आम्हीच लिहीत असूं. चढाईचा गुण आला कीं त्यापुढें मुलाचें नांव लिहावयाचें, आणि पकडीचा गुण आला कीं त्यापुढें नुसतें ‘संघ’ असें लिहावयाचें, ही आमची पद्धत. कोणीं शिकविली, आठवत नाहीं. बहुधा कोणींच नाहीं.

त्या वर्षीं जिल्ह्याच्या शिबिरासाठीं प्रत्येक शाळेनें एका मुलाचें नांव कळवावें असें पत्र आलें. आम्हीं वही उघडली. चढाईवाल्याचें नांव पानापानावर होतें. कोपऱ्यावाल्याचें नांव शोधून सांपडेना. आम्हीं चढाईवाल्याचें नांव लिहून पाठविलें, आणि आपण अगदीं निःपक्षपातीपणें वागलों, वहीच्या आधारें वागलों, ह्याचें आम्हांस समाधानही वाटलें. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्याचा मुलगा खेळावयास आला नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं. वार्षिक प्रगतिपुस्तकांत त्याच्या खेळाच्या रकान्यांत आम्हीं ‘सामान्य’ असा शेरा मारला. दहावीनंतर त्यानें शाळा सोडली.

तो मुलगा आतां कालव्यावर पाटकरी आहे. तीन-चार वर्षांपूर्वीं उन्हाळी पाळीच्या वेळीं कालव्याच्या कडेनें फिरावयास गेलों असतां तो आम्हांस भेटला. वांकून नमस्कार केला, सायकल बाजूस घेतली. बोलतां बोलतां आम्हींच तो विषय काढला. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचं काही चुकलं नाही. वहीत माझं नाव नव्हतंच की.’’ त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. मग त्यास कोणाची तरी हांक आली आणि तो दारें उघडावयास निघून गेला.

द्रोणाचार्यांनीं झाडावरच्या पक्ष्याचा डोळा कोणास दिसतो, हें विचारून अर्जुनाची पारख केली, ही गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल, गणती नाहीं. पण द्रोणाचार्यांपाशीं तेवढी एकच परीक्षा असती, तर भीमासारखा गदाधर त्यांनीं नापासच केला असता. आचार्यांनीं गदेची परीक्षा निराळी घेतली. आमच्यापाशीं मात्र वही एकच होती.

म्हणून बाईंस आम्ही लिहितों तें असें. आपल्या यजमानांचें सर्वस्वीं चुकतें असें आमचें म्हणणें नाहीं. बेंडिगोचा डायसन हजारांत काय, लाखांत एक. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत अटलांटाच्या संघानें त्याशीं चार वर्षांचा दहा कोटी डॉलरांचा करार केला. तो आंकडा ऐकून आपल्या घरांत कोणाचे डोळे दिपूं नयेत. ज्या देशानें एका ऑलिंपिकांतील अपयशानंतर राष्ट्रीय संस्था उभी केली, त्या देशांतील मुलाशीं आपल्या मुलाची बरोबरी करतां येत नाहीं. आपला मुलगा गणितांत कच्चा असेल तर त्यानें गणित केलेंच पाहिजे, आणि तें खेळासाठीं टाळूं नये.

परंतु खेळ म्हणजे आयुष्याची धूळधाण असेंही नाहीं. आपल्याच पुण्याची शिरीन लिमये हा खेळ खेळत खेळत भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. केरळची गीतु अॅना जोस २००६ च्या सुमारास थेट ऑस्ट्रेलियांत जाऊन मेलबर्नजवळच्या रिंगवुड येथील संघाकडून खेळली. रेल्वेसारख्या खात्यांनीं आजवर कितीएक खेळाडूंचे संसार उभे केले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत, आणि ठराविक पातळीवर खेळलेल्या मुलांस दहावी-बारावीस सवलतीचे गुण मिळतात. हें सारें यजमानांस सांगावें. पण हें आमचें मुख्य म्हणणें नव्हे.

मुख्य म्हणणें असें. आपण लिहितां कीं क्रीडाशिक्षक मुलास संघांतून कधीं वगळीत नाहींत. बाई, तीन वर्षें एक जाणता मनुष्य गुण न करणाऱ्या मुलास पहिल्या पांचांत कां ठेवतो, हा प्रश्न घरांत कोणीं विचारला आहे काय? त्याचें उत्तर वहींत मिळणार नाहीं. तें मैदानावर मिळेल. आपण एक करावें. पुढच्या सामन्यास आपण आणि यजमान दोघांनीं जावें. एक कागद आणि शिसपेन्सिल बरोबर न्यावी. टोपलींत चेंडू कोणीं टाकला, हें अजिबात मांडूं नये. तें मांडणारे तेथें पुष्कळ असतात. आपल्या मुलानें चेंडू किती वेळां हिरावला, समोरच्या गड्यास किती वेळां अडवून चेंडू परत फिरविण्यास भाग पाडलें, सोबती पडला तेव्हां त्यास हात कोणीं दिला, ज्या चेंडूवर दुसऱ्यानें गुण केले तो चेंडू त्याजकडे कोणाच्या हातून आला, एवढेंच मांडावें. पेन्सिल यजमानांच्या हातीं द्यावी. हिशेबी मनुष्यास स्वतःच्या हातानें मांडलेल्या आंकड्यावर विश्वास ठेवावा लागतो.

कागद कोरा राहिला, तर आम्ही चुकलों. मग यजमानांच्या म्हणण्याप्रमाणें करण्यास हरकत नाहीं, आणि तेंही मुलास जवळ बसवून, कारणें सांगून करावें. कागदावर रेघा भरल्या, तर त्या रात्रीं जेवतांना यजमानांनीं तो कागद मुलास आपण होऊन दाखवावा. दुसरें कांहीं बोलूं नये. गणिताचें दुसऱ्या दिवशीं पाहतां येईल.

कागदावर काय निघालें, तें आम्हांस अवश्य कळवावें. त्या मुलाचें नांवही कळवावें. पत्रांत तें आपण लिहिलेलें नाहीं.